कार्डात भरून आलेले दहा हजार गेम, आणि आपण केलेला एक

गेल्या दिवाळीत भाचा आमच्याकडे सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आला तो हातात तळहाताएवढा कन्सोल घेऊनच. ऑनलाइन मागवलेला, साडेतीन हजारांचा. ‘मामा, ह्यात दहा हजार गेम आहेत,’ चिवडा तोंडात असतानाच त्यानं सांगून टाकलं. रात्री त्याचं मेमरी कार्ड काढून मी कॉम्प्युटरला लावलं. प्रत्येक जुन्या कन्सोलच्या नावाचा एक फोल्डर: गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स, निन्टेंडो डीएस, पीएसपी. एकेक गेम तीन-तीनदा, जपानी, युरोपी आणि अमेरिकी आवृत्तीत. माझ्या ओळखीचे चार-पाच होमब्रू, म्हणजे हौशींनी घरी केलेले, गेमही त्यात निघाले. ते करणाऱ्यांनी ते फुकट दिलेले आहेत, पण सोबतची नावांची आणि परवान्याची फाइल कुणीतरी काढून टाकली होती. बाकीच्या हजारोंबद्दल तर ‘हे वाटायला आमची हरकत नाही’ असं सांगणारी एक ओळही कुठे नव्हती.

‘मग हे चोरीचं आहे का?’ भाच्यानं विचारलं. त्याचं तोंड उतरलं होतं, कारण पैसे त्यानं स्वतः साठवले होते.

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर ते खरं झालं नसतं, आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर खोटंच. यंत्र चोरीचं नव्हतं. त्यातला जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, चोरीचा नव्हता. चार-पाच गेम रीतसर फुकट होते. उरलेलं जवळजवळ सगळं चोरीचं होतं. नवख्या माणसाची गल्लत इथेच होते, कारण हे सगळं एकाच डबीत, एकाच बटणावर, एकाच यादीत समोर येतं. त्या रात्री भाच्याला जे समजावत बसलो तेच इथे पायरी-पायरीनं लिहितो आहे. कुणाला नव्यानं ह्या छंदात यायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिली पायरी: शब्द वेगळे करा

रॉम म्हणजे गेमच्या कार्ट्रिजमधला मजकूर फाइल करून काढलेला. एम्युलेटर म्हणजे मूळ कन्सोलसारखं वागणारा प्रोग्रॅम. त्याच्या पोटात गेम नसतो. फ्लॅश कार्ट म्हणजे ज्यात आपण फाइल भरू शकतो असं कोरं कार्ट्रिज. कस्टम फर्मवेअर म्हणजे कन्सोलची मूळ प्रणाली बदलून टाकलेली दुसरी प्रणाली, जी कंपनीची सही नसलेले प्रोग्रॅमही चालवते. आणि होमब्रू म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय, घरी बसून, हौसेनं केलेला गेम किंवा प्रोग्रॅम. तो करणाऱ्याचा स्वतःचा असतो.

बाजारात मात्र ह्या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे: ‘गेम मारून देणे’. पीएसपीच्या काळात मी एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काय टेन्शन घेऊ नका ओ, सॉफ्टवेअर मारतो, वर पंधरा गेम भरून देतो.’ ‘सॉफ्टवेअर मारणं’ ही एक गोष्ट आणि ‘पंधरा गेम भरणं’ ही अगदी दुसरी, हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मी पैसे देऊन आलो.

सांगलीकराला हा फरक समजायला खरं तर अवघड जाऊ नये. विष्णुदास भाव्यांनी इथे १८४३ साली नाटक उभं केलं तेव्हापासून गल्लोगल्ली हौशी नाटकमंडळी आहेत. त्यांतल्या कुणालाही विचारा: हॉल आपण घेतला, दिवे आपले, नट आपले, तालमी आपल्या घरच्या गच्चीवर झाल्या, तरी स्पर्धेला नाटक लावायचं तर लेखकाचं परवानगीपत्र लागतं. मानधन द्यावं लागतं. रंगमंच आपला असला म्हणून संहिता आपली होत नाही. कन्सोल आणि एम्युलेटर हा रंगमंच आहे. रॉम ही संहिता आहे. होमब्रू म्हणजे आपण स्वतः लिहिलेली एकांकिका. इथून पुढचं सगळं ह्याच दोन प्रश्नांवर चालतं: हे लिहिलं कुणी, आणि त्यानं हो म्हटलं का?

‘पण ते गेम जुने झाले की,’ असं पुष्कळ जण म्हणतात. गोविंद बल्लाळ देवल, आपल्या हरिपूरचे, १९१६ साली गेले. त्यांची संहिता आज कुणीही बसवू शकतं, कारण भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि तो कधीच संपला. गेम बॉय आला १९८९ साली. कॉम्प्युटर प्रोग्रॅम आपल्या कायद्यात साहित्यकृतीतच मोडतो, आणि त्या काळचे बरेच प्रोग्रॅमर अजून हयात आहेत; म्हणजे त्यांच्या बाबतीत ६० वर्षांची मोजणी सुरूही झालेली नाही. ‘मालकानं सोडून दिलेला गेम’ असा काही वर्ग कायद्यात नाही. दुकानात मिळत नाही म्हणून हक्क संपला, असं होत नाही.

दुसरी पायरी: आपल्या देशाचा कायदा वाचा, यूट्यूबचा नव्हे

ह्या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि त्यांचा आधार असतो तिथला १९९८ चा कॉपीराइट कायदा, डीएमसीए. आपल्याला लागू आहे तो कॉपीराइट अधिनियम, १९५७. त्यातली पाच कलमं माहीत असली की नवख्याचं भागतं.

कलम ५२, पोटकलम १, खंड एए. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे त्याला ती हरवू, बिघडू वा नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप प्रत करता येते. वापर मात्र मूळ प्रत ज्या कामासाठी दिली होती त्याच कामासाठी. ह्या खंडातले दोन शब्द मी दोनदा वाचायला सांगतो: ‘अशा प्रतीवरून’. म्हणजे बॅकअप तुमच्या हातातल्या कार्ट्रिजवरून काढलेला हवा. ‘माझ्याकडे कार्ट्रिज आहे, म्हणून मी रॉम कुठूनही उतरवून घेऊ शकतो’ हा समज इथे टिकत नाही. ‘डाउनलोड करून २४ तासांत डिलीट केलं तर चालतं’ हा तर कुठल्याच कायद्यात नाही. कुणीतरी वेबसाइटवर लिहिलं आणि पंचवीस वर्षं लोक एकमेकांना सांगत आले.

कलम ६३. जाणूनबुजून कॉपीराइट मोडणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यातला फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं आहे. कलम ६४ प्रमाणे फौजदार दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. गेम भरून देणाऱ्या दुकानदारानं ही दोन वाक्यं काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

कलम ६३बी वापरणाऱ्यासाठी आहे. प्रोग्रॅमची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरणं हाही गुन्हा: किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद, आणि दंड. पण धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंडावर सोडू शकतं. माझ्या भाच्यासारख्या पोराच्या दारात ह्यासाठी कुणी येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी ‘मी विकत नाही, नुसता खेळतो, म्हणजे मी सुटलो’ हे चूक आहे एवढं त्याला कळायला हवं.

कलम ६५ए, २०१२ साली आलेलं. कुलूप तोडण्याबद्दलचं. त्याकडे चौथ्या पायरीत येतो.

तिसरी पायरी: स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत काढून ठेवा

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्यावर बेतलेलं आहे.

आमचं जुनं घर गावभागात. तिथल्या माडीवरच्या खोलीत न ठेवता खालच्या फडताळात मी माझा गेम बॉय ॲडव्हान्स आणि तीन कार्ट्रिज पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५, हे आकडे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. आम्ही माणसं, गादी, कागदपत्रं, सिलिंडर वर नेलं. डब्याची आठवण कुणाला राहणार. पाणी उतरल्यावर डबा उघडला तेव्हा आत करड्या गाळाची वडी झाली होती आणि तिच्यात तीन कार्ट्रिज रुतलेली.

कार्ट्रिजचा स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाही, तीन पात्यांचा (ट्राय-विंग) खास बिट लागतो. तो मागवला, मोबाइलवाले सफाईला वापरतात ते अल्कोहोल, आयपीए, आणलं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं पट्टीचे सोनेरी पाय एकेक करून घासले. दोन कार्ट्रिज जिवंत झाली. तिसऱ्याचे पाय हिरवे पडून गळून आले.

पण त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी यूएसबीचा कार्ट्रिज रीडर आणून तिन्हींची प्रत काढली होती, सेव्ह फाइलसकट. तिसरा गेम आज त्या प्रतीवरच जगतो आहे. ‘नष्ट होऊ नये म्हणून’ हे कायद्यातले शब्द मला तेव्हा पहिल्यांदा माणसानं माणसासाठी लिहिल्यासारखे वाटले. ते मेलेलं कार्ट्रिज मी टाकून दिलेलं नाही. प्रत कशावरून काढली हे त्यावरून दिसतं.

करायचं कसं ते थोडक्यात. गेम बॉय आणि ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजवरचा मजकूर कुलूपबंद नसतो, त्यामुळे रीडरला लावलं की तो थेट वाचता येतो. रॉम वाचा, दोनदा वाचा, दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते ताडून बघा. पाय मळके असतील तर एखादा बाइट चुकतो आणि गेम मध्येच अडकतो. सेव्ह वेगळी काढा. जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला बटण सेल असतो, तो संपला की तुमची वीस वर्षांपूर्वीची मेहनत गेली, म्हणून सेव्ह आधी. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यांतलं एक ठिकाण पाण्याच्या वर. प्रत स्वतःपुरती. मूळ कार्ट्रिज विकलंत, तर प्रतही पुसायची. विकत घेणाऱ्याकडे मूळ गेलं की तुम्ही ‘रीतसर प्रत असलेले’ उरत नाही.

सेकंडहँड कार्ट्रिज घेताना नकली माल ओळखायला शिका. लेबलचा रंग फिका, मागच्या बाजूला साधा स्क्रू, आणि सेव्ह दोन दिवसांत उडते, ही तीन लक्षणं. नकली कार्ट्रिजवरून काढलेली प्रत नकलीच.

चौथी पायरी: एम्युलेटर, आणि कन्सोलचं कुलूप

एम्युलेटर हा बेकायदा प्रोग्रॅम नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स ह्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयानं २००० सालीच तसा निर्वाळा दिला आहे, आणि २०२४ च्या एप्रिलपासून ॲपलनंही आपल्या ॲप स्टोअरवर जुन्या कन्सोलचे एम्युलेटर येऊ दिले आहेत. आपल्या कायद्यातही दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळणी करण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला आणि प्रोग्रॅम कसा चालतो ते तपासायला ५२ व्या कलमात जागा आहे. ॲडव्हान्ससाठी एमजीबीए घ्या, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, अधिकृत ठिकाणी फुकट मिळतात.

बायॉसचं मात्र लक्षात ठेवा. कन्सोल चालू होताना जो छोटा प्रोग्रॅम आधी चालतो तो कंपनीचा असतो, ॲडव्हान्सचा जेमतेम १६ केबी, पण कॉपीराइट त्यालाही आहे. तो कुठूनही उतरवून घेऊ नका. एमजीबीएमध्ये त्याची स्वतंत्रपणे लिहिलेली बदली आहे, आणि पीपीएसएसपीपीला तर तो लागतच नाही.

एम्युलेटर अडचणीत येतो कधी? निन्टेंडोनं २०२४ च्या फेब्रुवारीत युझू ह्या स्विचच्या एम्युलेटरच्या मंडळींवर दावा लावला आणि मार्चमध्येच २४ लाख डॉलर देऊन त्यांनी ते मिटवलं, प्रकल्प बंद केला. आक्षेपाचा गाभा होता कुलपाच्या किल्ल्यांचा: स्विचचे गेम कुलूपबंद असतात आणि ते उघडून खेळायची वाट करून दिली, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून नवख्याला माझा सल्ला स्पष्ट आहे. आज बाजारात विकत मिळणाऱ्या कन्सोलच्या एम्युलेशनपासून सुरुवात करू नका. गेम बॉयपासून करा.

आता कुलूप. पीएसपी, थ्रीडीएस, व्हिटा ह्यांवर होमब्रू चालवायचं तर कंपनीची सही तपासणारी व्यवस्था बाजूला सारावी लागते. अमेरिकेत कुलूप तोडणं हाच मूळ गुन्हा धरतात. आपल्या ६५ए कलमात ‘हक्कभंग करण्याच्या हेतूनं’ असे शब्द आहेत. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द कळीचा आहे. स्वतःच्या जुन्या पीएसपीवर स्वतः लिहिलेला गेम चालवायला फर्मवेअर बदलणं आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या डिस्क प्रतिमा खेळायला बदलणं, हात तोच फिरतो पण हेतू वेगळा. मेमरी स्टिकवर काय सापडतं त्यावरून तो हेतू कुणालाही वाचता येतो. म्हणून मी भाच्याला म्हटलं, होमब्रूच्या कार्डावर एकही पायरेटेड फाइल ठेवू नकोस. एकसुद्धा.

धोकेही सांगून ठेवतो. वॉरंटी जाते. ऑनलाइन खातं कायमचं बंद होऊ शकतं. फर्मवेअर टाकताना बॅटरी संपली तर यंत्राची वीट होते, म्हणजे ते पुन्हा चालूच होत नाही. आणि २००५ साली पीएसपीची प्रणाली मागच्या आवृत्तीवर नेणारं साधन म्हणून पसरलेला एक प्रोग्रॅम प्रत्यक्षात आतल्या फाइली पुसून यंत्र मारून टाकायचा. रॉमच्या झिपमध्ये डॉट ईएक्सई फाइल निघाली तर ती गेम नाही, तसंच पुसा. जे यंत्र मोडलं तरी रडू येणार नाही त्याच यंत्रावर पहिला हात फिरवा.

पाचवी पायरी: होमब्रू मिळवा, आणि परवाना वाचा

होमब्रू गेम इच डॉट आयओ ह्या वेबसाइटवर भरपूर मिळतात, आणि गेम बॉयच्या हौशी प्रोग्रॅमरांनी मिळून होमब्रू हब नावाचा संग्रहही चालवला आहे. २०१७ चा ‘टोबू टोबू गर्ल’ पहिल्यांदा खेळून बघा. मुलगी ढगांकडे उडी मारत वर जाते, एवढंच. पण त्याचा कोड एमआयटी परवान्याखाली आणि चित्रं-संगीत क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे, त्यामुळे खेळून झाल्यावर आत डोकावून शिकताही येतं.

फुकट आणि खुलं ह्यांत अंतर आहे. फुकट म्हणजे पैसे न देता खेळा. एमआयटी म्हणजे वापरा, बदला, विकासुद्धा, पण मूळ नावाची नोंद काढू नका. जीपीएल म्हणजे बदलून वाटलंत तर तुमचा कोडही त्याच अटीवर द्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बीवाय-एनसी म्हणजे नाव द्या, धंदा करू नका. आणि परवानाच लिहिला नसेल तर सगळे हक्क करणाऱ्याचे. खेळायला दिलंय, वाटायला नाही. भाच्याच्या कार्डात होमब्रू भरणाऱ्यानं नेमकं इथे पाप केलं. फुकट दिलेल्या गेमचं नाव पुसून तो विकत्या मालात घातला. ज्यानं काहीच मागितलं नव्हतं त्याच्याकडून तेवढं नावही काढून घेतलं. मोठ्या कंपनीचा गेम चोरण्यापेक्षा मला हे जास्त लागतं.

होमब्रू म्हटलं की सगळं शुद्ध, असंही नाही. कंपनीचं चोरीला गेलेलं अधिकृत साधन वापरून बांधलेला होमब्रू स्वतःच अडचणीचा असतो. म्हणून जीबीडीके, डेव्हकिटप्रो अशी हौशींनी स्वतंत्रपणे लिहिलेली साधनं वापरलेली आहेत का ते बघा. दुसऱ्याचं पात्र घेऊन केलेला गेमही तसाच. कुणी जुना गेम मराठीत आणायचं म्हणत असेल, तर पूर्ण रॉम कधी वाटू नका. रूपांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो. ह्या छंदात जुनी रीत अशी की फक्त बदलांची पॅच फाइल द्यायची आणि खेळणाऱ्यानं ती आपल्या प्रतीवर लावायची. त्यानं मूळ गेम तरी आपल्या हातून पसरत नाही.

सहावी पायरी: ‘इथे मिळतच नाही’ ह्याचं काय

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. निन्टेंडोचा स्विच भारतात अधिकृतपणे आलेला नाही. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं; त्यात फक्त डिजिटल विकले गेलेले गेम आता पैसे देऊनही मिळत नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं त्याच वर्षी मोजणी केली तेव्हा २०१० आधी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नाहीत असं दिसलं. दुकान बंद करायचं, पुन्हा विकायचं नाही आणि जपणाऱ्यावर दावे लावायचे, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते उघड म्हणतो. पुस्तकांसाठी वाचनालय असतं, तसं गेमसाठी असायला हवं.

पण त्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक जपणूक नसते. भाच्याच्या कार्डातला निम्मा माल आजही कंपन्यांच्या संग्रहांतून पुन्हा विकला जाणारा होता. विकणाऱ्यानं तो जपायला भरला नव्हता, कन्सोल खपवायला भरला होता. माझ्या मनात उतरंड आहे: आज विकत मिळणारा छोट्या स्टुडिओचा गेम उचलणं सगळ्यांत वाईट, त्या चार माणसांचं महिन्याचं रेशन त्यावर असतं. कुठेच न मिळणारा, मालक विसरलेला गेम दुसऱ्या टोकाला. कायदा ही उतरंड मानत नाही, म्हणून मी स्वतः दोन्ही टोकांपासून लांब राहतो आणि सेकंडहँड कार्ट्रिज शोधतो. दुसऱ्याला शिव्या देत बसत नाही.

भरून येणारा कन्सोल घ्यायचाच असेल तर रिकाम्या कार्डाचा मागा, तो तसा मिळतो. विक्रेता नाही म्हणाला तर आलेलं कार्ड काढून ठेवा आणि नवं टाका. सोबत येणारी कार्डं तशीही हलक्या दर्जाची असतात. आणि कुठल्याही ओळखीच्याला पैसे घेऊन गेम भरून देऊ नका. ‘फक्त मजुरी घेतली’ हे कलम ६३ समोर चालत नाही.

सातवी पायरी: स्वतःचा एक गेम करा

भाच्याचं जुनं कार्ड आम्ही पाकिटात घालून फडताळात ठेवलं (ह्या वेळी वरच्या) आणि नव्या कार्डात चार होमब्रू भरले. मग त्याला जीबी स्टुडिओ लावून दिला. एमआयटी परवान्याचं फुकट साधन आहे, कोड न लिहिताही गेम बॉयचा खरा रॉम त्यातून निघतो.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. चित्र ८ बाय ८ च्या फरशांनी भरायचं. आडव्या २०, उभ्या १८. छटा चार. एवढ्याशा अंगणात काय मांडणार असं वाटतं, पण अडचणच वाट दाखवते. भाच्यानं विषय काढला पुराचा. वर कोपऱ्यात पाण्याची पातळी, ३८ फुटांपासून सुरू. पोरगी घरातल्या वस्तू एकेक करून माडीवर नेते. ४० ला भोंगा, ४५ ला जिन्याची पहिली पायरी पाण्याखाली. दप्तर, सिलिंडर, आजीची ट्रंक, आणि सगळ्यात शेवटी, मी न सांगता त्यानं घातलेला, पत्र्याचा एक डबा.

दोन ठिकाणी आमची वादावादी झाली. त्याला शेवटी बोट घेऊन येणारा मिशीवाला प्लंबर हवा होता. म्हटलं, तो निन्टेंडोचा मारिओ, आपला नाही. एक दिवस रुसला, मग बोटीत शेजारच्या काकू बसवल्या, आणि खरं सांगतो, गेम तिथे आपला झाला. दुसरं म्हणजे संगीत. सिनेमातल्या गाण्याची चाल बीपबीपमध्ये बसवून आणली होती. ती चालही कुणाची तरी असते. माझ्या आईनं जात्यावरच्या ओवीची चाल म्हणून दाखवली, ती बसवली. गेम बॉयच्या चार आवाजांत ती छान घुमते.

देवनागरीनं मात्र घाम काढला. ८ ठिपके उंचीत शिरोरेषा, अक्षर, वरची वेलांटी आणि खालचा उकार बसत नाहीत. जोडाक्षर तर नाहीच. शेवटी एकावर एक दोन फरशा, म्हणजे १६ ठिपके उंची घेतली आणि पूर्ण वाक्यं चौकटीच्या कागदावर काढून चित्र म्हणून टाकली. ‘धोका’ हा शब्द बसवायला त्याला एक अख्खी दुपार लागली.

तुमचा गेम तयार झाला की रॉम आधी एम्युलेटरवर, मग शक्य असेल तर फ्लॅश कार्टवर घालून खऱ्या यंत्रावर बघा. चालू होताना वरून निन्टेंडोचं नाव सरकत येतं ते पाहून दचकू नका. प्रत्येक कार्ट्रिजच्या सुरुवातीला त्या बोधचिन्हाचे ४८ बाइट असावे लागतात. ते जुळले नाहीत तर यंत्र पुढे जातच नाही. अशाच प्रकारच्या तपासणीवरून सेगा विरुद्ध अकोलेड हा खटला झाला होता आणि १९९२ साली अमेरिकी न्यायालयानं, गेम चालावा एवढ्यासाठी कोड टाकावा लागत असेल तर दोष करणाऱ्याचा नाही, असं म्हटलं. गेमच्या वर्णनात मात्र ‘निन्टेंडोशी संबंध नाही’ असं लिहा, आणि त्यांचं बोधचिन्ह पोस्टरवर लावू नका.

मग परवाना. वाटण्याआधी ठरवा, नंतर नाही. भाच्यानं बीवाय-एनसी निवडला आणि जीबी स्टुडिओची एमआयटी नोंद सोबत ठेवली. झिपमध्ये परवान्याची फाइल टाकताना तो थांबला. ‘मामा, ही फाइल तर कुणीही काढून टाकेल की. त्या कार्डात काढलीच होती.’

मग त्यानं तीच ओळ गेमच्या पहिल्या पडद्यावर घेतली, १६ ठिपक्यांच्या देवनागरीत: ‘खेळा, वाटा, विकू नका. नाव काढू नका.’ खाली स्वतःचं नाव. पडद्याच्या तळाला पाणी हलतं, म्हणून ओळ त्यानं तीन फरशा वर घेतली.